हिपार्कस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न (उत्तरं जरा लांबलीत)

हा हिपार्कस नक्की कोण? नाव ऐकल्यासारखं वाटतं पण काय केलं ते आठवत नाही.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ. जन्म साधारण इ.स.पू. १९० च्या सुमाराचा, गाव निकिया, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं इझनिक. आयुष्याची कामाची वर्षं बहुतेक ऱ्होड्स बेटावर गेली. त्याची म्हणून जी निरीक्षणं टॉलेमी या नंतरच्या खगोलशास्त्रज्ञाने नोंदवलीत ती मुख्यतः इ.स.पू. १४७ ते १२७ या काळातली आहेत आणि इ.स.पू. १२० च्या आसपास तो गेला असं धरतात. घरदार, गुरू, शिष्य, काही म्हणजे काही नोंद नाही. चेहराही नाही. पुढे रोमन काळात निकियाने आपल्या नाण्यांवर त्याला बसवलं खरं, समोर गोल ठेवून बसलेला दाढीवाला माणूस, पण तोवर त्याला जाऊन काही शतकं झाली होती, त्यामुळे ते चित्र म्हणजे गावाचा अभिमान समजायचा, फोटो नाही.

मग इतकी माहिती येते कुठून?

मुख्यतः टॉलेमीकडून. हिपार्कसनंतर जवळपास तीनशे वर्षांनी अलेक्झांड्रियात टॉलेमीने 'अल्माजेस्ट' हा खगोलशास्त्राचा ग्रंथ लिहिला आणि त्यात तो पानोपानी हिपार्कसचं नाव घेतो, कष्टाळू म्हणतो, सत्याची चाड असलेला म्हणतो, आणि मधूनमधून त्याच्या चुकाही काढतो. बाकी तुकडे स्ट्रॅबो, प्लिनी, प्लुटार्क या प्राचीन लेखकांच्या लिखाणात सापडतात.

हिपार्कसचं स्वतःचं एकच पुस्तक आज पूर्ण हातात आहे, आणि तेही त्याच्या मोठ्या कामांपैकी नाही. अराटस नावाच्या कवीने आकाशातल्या तारकासमूहांवर एक काव्य केलं होतं, ते तेव्हा भयंकर लोकप्रिय होतं, आणि हिपार्कसने त्यातल्या खगोलाच्या चुका ओळीओळीने काढल्या. कुठला तारा उगवताना राशीचक्राचा कुठला अंश क्षितिजावर असतो, वगैरे. आता काव्य लोकप्रिय म्हणून त्याची नक्कल होत राहिली आणि काव्याबरोबर ही टीकाही तगली, पण चंद्राच्या अंतरावरचं पुस्तक, वर्षाच्या लांबीवरचं, संपातचलनावरचं (ते काय हे पुढे येतंच), सगळं गेलं. मला स्वतःला याचा फार राग येतो, पण इलाज नाही.

त्याला ट्रिगोनॉमेट्रीचा जनक का म्हणतात?

कारण वर्तुळातल्या जीवांचं (जीवा म्हणजे वर्तुळावरचे दोन बिंदू जोडणारी रेघ) कोष्टक बनवणारा पहिला माणूस म्हणून त्याचंच नाव घेतलं जातं. अमुक कोन असेल तर त्यासमोरची जीवा किती लांब, हे आधीच मोजून तक्त्यात मांडून ठेवायचं. इसवी सनाच्या चौथ्या शतकातला गणिती थिऑन सांगतो की हिपार्कसने जीवांवर बारा भागांचं लिखाण केलं होतं. आता हे कशाला हवं, तर ग्रह-चंद्र-सूर्य यांचं भौमितिक मॉडेल कागदावर छान दिसतं पण "आज रात्री चंद्र कुठे" याचं उत्तर आकड्यात हवं असेल तर कोनावरून लांबी आणि लांबीवरून कोन काढता यायला लागतो, तिथे हे कोष्टक.

आपल्याकडे आर्यभटाच्या ग्रंथात पूर्ण जीवेऐवजी अर्धी जीवा येते, ज्या. आजचा साईन तो हाच. २४ ज्या, प्रत्येकी ३ अंश ४५ कलांच्या (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) अंतराने, त्रिज्या ३४३८. काही इतिहासकारांचं म्हणणं असं की हिपार्कसचं कोष्टकही ७.५ अंशांच्या टप्प्यांचं आणि ३४३८ त्रिज्येचं होतं आणि तिथून हा धागा भारतात आला. आकडे जुळतात हे खरंय, पण ३४३८ हा आकडा वर्तुळाच्या २१,६०० कलांना दोन पायने भागलं की कुणालाही मिळतो, त्यामुळे "आर्यभटाने कॉपी केली" किंवा "ग्रीकांनी आपल्याकडून नेलं" असं छातीठोक सांगणाऱ्या दोन्ही बाजूंच्या लोकांपासून चार हात लांब राहावं.

चंद्राचं अंतर त्याने कसं काढलं? दुर्बीण नाही, काही नाही.

सूर्यग्रहणावरून. एका ग्रहणात हेलेस्पाँटच्या भागात (आजचं डार्डनेल्स) सूर्य पूर्ण झाकला गेला आणि त्याच वेळी अलेक्झांड्रियात चार पंचमांशच झाकला. हे ग्रहण इ.स.पू. १९० चं की १२९ चं यावर वाद आहे, पण पद्धत तीच. सूर्यबिंब साधारण अर्ध्या अंशाचं, त्याचा पाचवा भाग म्हणजे ६ कला. म्हणजे दोन ठिकाणांहून बघताना चंद्र ६ कलांनी सरकलेला दिसला. दोन्ही जागांच्या अक्षांशात साधारण ९ अंशांचा फरक, म्हणजे पाया झाला हजारेक किलोमीटरचा. पाया माहीत, कोन माहीत, अंतर काढा. तरी इतकं सरळ नाहीये, कारण चंद्र डोक्यावर नव्हता, त्यामुळे तो हजार किलोमीटरचा पाया तिरका पडतो आणि कमी धरावा लागतो. सूर्य इतका लांब आहे की त्याचं सरकणं शून्य, असं मानून त्याला चंद्राचं कमीत कमी अंतर ७१ पृथ्वी-त्रिज्या आणि जास्तीत जास्त ८३ मिळालं.

इथे थांबला असता तरी चाललं असतं. पण त्याने दुसरी वाट धरली. समजा सूर्य सरकतो, पण ते आपल्याला जेमतेम कळणार नाही इतकंच, ७ कला, तर काय होतं? मग सरासरी ६७ आणि एक तृतीयांश आलं. खरं अंतर सरासरी ६० त्रिज्या, म्हणजे ३,८४,४०० किलोमीटर. मला त्या उत्तरापेक्षा ही दुहेरी मांडणी जास्त आवडते. सूर्य किती लांब आहे ते नक्की माहीत नाही ना, मग एक टोक धरून मोजू, दुसरं टोक धरून मोजू, खरं मध्ये कुठेतरी असेल. आज आपण एरर बार, म्हणजे चुकीची मर्यादा, म्हणतो त्याच्या फार जवळचं आहे हे.

वर्षाची लांबी त्याने किती अचूक काढली होती?

३६५ दिवस आणि पाव दिवस, त्यातून दिवसाचा ३०० वा भाग वजा. तासात मांडलं तर ३६५ दिवस ५ तास ५५ मिनिटं. खरं ५ तास ४९ मिनिटांच्या किंचित आत येतं. म्हणजे वर्षाला सहा-साडेसहा मिनिटांची चूक.

आता हे मोजलं कसं तर जुनी नोंद आणि स्वतःची नोंद यातले दिवस मोजून वर्षांनी भागायचं. दोन नोंदींत अंतर जितकं जास्त तितकी चूक वाटली जाते. इ.स.पू. २८० ची ॲरिस्टार्कस या ग्रीक खगोलशास्त्रज्ञाची अयनाची (सूर्य उत्तर टोकाला पोचून मागे फिरतो तो क्षण) नोंद त्याने स्वतःच्या इ.स.पू. १३५ च्या नोंदीशी लावली, १४५ वर्षांचं अंतर. आणि एक गंमत बघा, अलेक्झांड्रियातल्या एका चौकोनी मंडपात ब्रॉंझचं मोठं कडं बसवलेलं होतं, विषुववृत्ताच्या पातळीत, म्हणजे संपाताच्या क्षणी (सूर्य विषुववृत्तावर येतो, दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा) कड्याच्या वरच्या कडेची सावली बरोबर खालच्या कडेवर पडणार आणि दोन्ही बाजूंनी सारखा उजेड दिसणार. इ.स.पू. १४६ च्या वसंत संपाताला हिपार्कसच्या हिशेबाने क्षण होता पहाटेचा आणि हे कडं म्हणालं सकाळचा पाचवा तास. पाच तासांचा फरक! त्याने ते झाकून नाही ठेवलं, लिहून ठेवलं. अयनबिंदूच्या बाबतीत तर माझी आणि आर्किमिडीजची दोघांचीही पाव दिवसापर्यंत चूक होऊ शकते असंही लिहिलं. टॉलेमीने हे उद्धृत केलं म्हणून आपल्याला कळलं.

आणि महिना?

२९ दिवस १२ तास ४४ मिनिटं आणि सव्वातीन सेकंदांच्या आसपास. आजच्या सरासरीशी एका सेकंदाचाही फरक नाही. पण याचं श्रेय त्याला देऊ नका, हा आकडा बॅबिलोनियाचा आहे.

म्हणजे त्याने सगळं बॅबिलोनियाकडून उचललं?

बरंच घेतलं, आणि ते घेणं हेच त्याचं मोठं काम. बॅबिलोनियाच्या लोकांकडे मातीच्या पाट्यांवर शतकानुशतकांच्या ग्रहणांच्या नोंदी होत्या, 'अल्माजेस्ट'मध्ये तर इ.स.पू. ७२१ चं ग्रहण येतं. त्यांची पद्धत आकड्यांची होती, वर्तुळं वगैरे भानगड नाही. ग्रीकांकडे वर्तुळांची सुंदर मॉडेलं होती आणि आकडे नव्हते. हिपार्कसने त्या नोंदी घेतल्या आणि मॉडेलला विचारलं की बाबा, हे जुळतं का तुझ्याशी? उदाहरणार्थ वसंत ९४.५ दिवसांचा आणि उन्हाळा ९२.५ दिवसांचा, मग पृथ्वी सूर्याच्या वर्तुळाच्या (तेव्हा सूर्य पृथ्वीभोवती फिरतो असं धरत) मधोमध कशी असेल? तर नाही, ती केंद्रापासून त्रिज्येच्या एक चोवीसांश सरकलेली आहे. दोन आकड्यांवरून अख्खं सूर्याचं मॉडेल! ग्रहांच्या बाबतीत मात्र हे जमेना, तेव्हा त्याने सरळ निरीक्षणं नीट लावून ठेवली, सध्याचे सिद्धांत त्यांच्याशी जुळत नाहीत एवढं दाखवलं आणि नवा सिद्धांत ठोकून दिला नाही. टॉलेमी याचं कौतुक करतो.

संपातचलनाचा शोध म्हणजे काय? जरा सोप्या भाषेत.

पृथ्वी भोवऱ्यासारखी फिरता फिरता आसाने डुलतेय, अतिशय हळू, एक फेरी सुमारे २६,००० वर्षांची. त्यामुळे वसंत आणि शरद संपात ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर मागे मागे सरकतात, साधारण ७२ वर्षांत एक अंश. कारण न्यूटनने १६८७ मध्ये सांगितलं, पृथ्वीच्या फुगलेल्या मध्यभागावर चंद्र-सूर्याची ओढ. हिपार्कसला कारण माहीत नव्हतं, त्याला फक्त सरकणं सापडलं, आणि ते ज्या ताऱ्यावरून सापडलं तो आपला चित्रा.

अडचण अशी की ताऱ्याचं संपातापासूनचं अंतर मोजायचं तर सूर्य कुठे आहे ते हवं आणि सूर्य आणि तारा एकाच वेळी दिसत नाहीत. मग? चंद्रग्रहण! ग्रहणाच्या मध्याला चंद्र सूर्याच्या बरोबर समोर, १८० अंशांवर. ग्रहण लागलेल्या चंद्रापासून चित्रा किती अंश ते मोजा, सूर्याची जागा तारखेवरून काढा, चंद्राचं थोडं सरकणं हिशेबात धरा, झालं. असं करून त्याला चित्रा शरद संपाताच्या ६ अंश अलीकडे मिळाला. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी अलेक्झांड्रियात टिमोकॅरिस या खगोलशास्त्रज्ञाला तोच ८ अंशांवर मिळाला होता.

दोन अंश. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, टिमोकॅरिसचं मोजणं कच्चं होतं. याला पण ती शंका आली, त्याने टिमोकॅरिसची निरीक्षणं फारशी भरवशाची नाहीत हे मान्य केलं आणि म्हणूनच आकडा जपून सांगितला: शंभर वर्षांत निदान एक अंश. निदान! पुढे टॉलेमीने ते "निदान" काढून टाकलं आणि शंभर वर्षांत एक अंश हेच पक्कं धरलं, आणि ती चूक पुढे कित्येक शतकं लोकांच्या मानगुटीवर बसली.

याचा आपल्या मकर संक्रांतीशी संबंध आहे म्हणतात, तो कसा?

अगदी थेट आहे. शाळेत आपण शिकतो की संक्रांतीला उत्तरायण सुरू होतं, पण आकाशात उत्तरायण २१-२२ डिसेंबरलाच सुरू झालेलं असतं. हा जो फरक आहे तो संपातचलनाचा. आपलं पंचांग निरयण, म्हणजे राशी ताऱ्यांना बांधलेल्या, आणि पाश्चात्त्य राशी संपाताला बांधलेल्या. दोन्हीतला फरक म्हणजे अयनांश, आज सुमारे २४ अंश. म्हणूनच इंग्रजी पेपरातली तुमची सूर्यरास आणि आपली बहुतेक वेळा एका घराने वेगळी निघते. आणि म्हणूनच संक्रांतही साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते.

आता मजा अशी की सरकारी पंचांग सुधारणा समितीने (मेघनाद साहा अध्यक्ष होते, अहवाल १९५५) जो अयनांश मान्य केला तो चित्रापक्षाचा, म्हणजे चित्रा ताऱ्यासमोर १८० अंशांवर राशीचक्राची सुरुवात. तोच चित्रा! हिपार्कसच्या वेळी संपाताच्या ६ अंश अलीकडे होता, इ.स. २८५ च्या सुमारास बरोबर संपातावर आला, तेच आपलं शून्य अयनांशाचं वर्ष, आणि आता २४ अंश पुढे गेलाय. महाराष्ट्रात व्यंकटेश बापूजी केतकरांनी याच चित्रापक्षाचा जोरदार पुरस्कार केला आणि टिळक पंचांगवाले रेवतीच्या ताऱ्याला धरून राहिले, दोन्हीत चारेक अंशांचा फरक, त्यामुळे टिळक पंचांगात मकर संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते आणि काही वर्षी अधिक महिनाही वेगळा पडतो. लोकमान्यांनी १८९३ च्या 'ओरायन'मध्ये वेदांचा काळ काढायला वापरलं ते पण हेच संपातचलन. त्यांचा निष्कर्ष सगळ्यांना पटत नाही, ते वेगळं.

टॉलेमीने त्याची ताऱ्यांची यादी चोरली, हे खरं का?

जुनं भांडण आहे. प्लिनी सांगतो की हिपार्कसला एक नवाच तारा दिसला (चिनी नोंदींत इ.स.पू. १३४ मध्ये वृश्चिकात एक पाहुणा तारा आहे, तोच असावा) आणि त्याच्या मनात आलं की तारे जन्मतात-मरतात-हलतात का, हे पुढच्यांना कळायचं तर आजची जागा लिहून ठेवायला हवी. म्हणून त्याने यादी केली. टॉलेमीच्या यादीत हजारावर तारे आहेत आणि त्यांच्या रेखांशात साधारण एका अंशाची ठरावीक चूक आहे. शंका अशी की टॉलेमीने हिपार्कसचे आकडे घेतले आणि त्यात त्या चुकीच्या "शंभर वर्षांत एक अंश" वेगाने मिळवणी केली. चोरी हा शब्द मला जड वाटतो. काही घेतलं असणार, काही स्वतः मोजलं असणार.

ती यादी आता सापडली अशी बातमी होती ना?

हो, तुकडा सापडला, २०२२ मध्ये जाहीर झालं. इजिप्तमधल्या सिनाईच्या सेंट कॅथरीन मठातलं एक चामड्याचं हस्तलिखित आहे, वर सिरियाक भाषेत धार्मिक मजकूर, पण चामडं महाग म्हणून आधीचं ग्रीक लिखाण खरवडून त्यावर लिहिलेला. वेगवेगळ्या रंगांच्या प्रकाशात फोटो काढून कॉम्प्युटरवर खालची अक्षरं वर आणली, आणि एका पानावर उत्तर मुकुट या तारकासमूहाची मापं निघाली: पूर्व-पश्चिम ९ आणि पाव अंश, दक्षिणोत्तर ६ आणि पाऊण अंश, आणि कडेचे तारे कुठले व ध्रुवापासून किती अंशांवर ते. आकडे खऱ्या जागांपासून एका अंशाच्या आत आहेत. पण हे हिपार्कसचं कशावरून? तर संपातचलनावरून. ताऱ्यांच्या या जागा कुठल्या वर्षी बरोबर होत्या ते उलटं मोजलं तर इ.स.पू. १२९ च्या आसपास येतं. त्यानेच शोधलेल्या सरकण्याने त्याचीच कागदपत्रं ओळखली. टॉलेमीच्या आकड्यांपेक्षा हे अचूकही निघाले, तेव्हा निदान सगळंच्या सगळं उचललेलं नव्हतं असं दिसतं.

ताऱ्यांच्या तेजाची पहिली प्रत, दुसरी प्रत ही पद्धत त्याचीच का?

पुस्तकांत तसं छापतात. सहा प्रती स्पष्टपणे दिसतात त्या टॉलेमीच्या यादीत, मूळ कल्पना हिपार्कसची असू शकते. १८५६ मध्ये पॉगसन या खगोलशास्त्रज्ञाने ती गणितात बसवली, पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभर पट तेज.

१०३०४९ हा आकडा काय आहे?

प्लुटार्कने दिलेला आकडा. क्रिसिपस नावाच्या तत्त्ववेत्त्याने म्हटलं होतं की दहा साध्या विधानांपासून दहा लाखांवर संयुक्त विधानं बनतील. त्यावर हिपार्कस म्हणाला नाही, १,०३,०४९. दोन हजार वर्षं लोकांना कळेना हा आकडा आला कुठून. १९९४ मध्ये डेव्हिड हफ नावाच्या विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की दहा गोष्टींच्या रांगेत कंस घालण्याचे जितके प्रकार, तितकाच हा आकडा, बरोबर तितकाच. १९ व्या शतकात श्रोडर या गणितीने हे नव्याने मोजलं होतं. म्हणजे ग्रीकांना कॉम्बिनेटरिक्स (किती प्रकारे मांडता येतं ते मोजायचं गणित) येत नव्हतं हे जे आपण धरून चाललो होतो ते गेलं.

सूर्य मध्यभागी असतो हे ॲरिस्टार्कसने आधीच सांगितलं होतं, मग याने का नाही मानलं?

कारण पुरावा नव्हता. पृथ्वी फिरत असेल तर जवळचे तारे वर्षभरात किंचित सरकताना दिसायला हवेत, आणि दिसत नव्हते. हे सरकणं पहिल्यांदा मोजलं बेसेल या खगोलशास्त्रज्ञाने १८३८ मध्ये, आणि ते एका विकलेच्या (कलेचा साठावा भाग) तिसऱ्या भागाइतकं होतं, नुसत्या डोळ्याला अशक्यच. हिपार्कसने विज्ञान अठराशे वर्षं मागे नेलं वगैरे लिहिणाऱ्यांनी हा आकडा आधी बघावा.

अँटिकिथेरा यंत्र, म्हणजे ते प्राचीन ग्रीक दातेरी चाकांचं यंत्र, त्याने बनवलं का?

बनवलं असा पुरावा नाही. १९०१ मध्ये बुडालेल्या जहाजातून वर आलेल्या त्या यंत्रात खुंटी आणि खाच असलेली एक जोडी आहे जी चंद्राला कधी जलद कधी सावकाश पळवते, आणि चंद्राच्या त्या चालीचा हिशेब हिपार्कसने केला होता. जहाजावर ऱ्होड्सचा मालही होता. एवढ्यावरून लोक नातं जोडतात.

हिपार्कस नावाचा उपग्रह पण होता ना?

होता. युरोपियन स्पेस एजन्सीचा, ऑगस्ट १९८९ मध्ये सोडला. वर गेल्यावर त्याची मोटर पेटलीच नाही आणि तो भलत्याच लांबट कक्षेत अडकला, तरी लोकांनी हार न मानता १९९३ पर्यंत त्याच्याकडून काम करून घेतलं आणि १९९७ मध्ये १,१८,२१८ ताऱ्यांची यादी आली, साधारण विकलेच्या हजाराव्या भागाच्या अचूकतेची. त्यानंतरच्या गाया उपग्रहाने जवळपास १८० कोटी तारे मोजले. चंद्रावर त्याच्या नावाचं एक विवरही आहे, सुमारे १४० किलोमीटर रुंद आणि बऱ्यापैकी झिजलेलं.

त्याचा तो चित्रा तारा बघायचाय, कसा शोधू?

एप्रिल-मे मध्ये रात्री आठ-नऊच्या सुमारास सप्तर्षी शोधा. त्यांच्या शेपटीची कमान तशीच पुढे वाढवली की नारिंगी स्वाती लागतो, आणि कमान अजून पुढे नेली की निळसर पांढरा चित्रा. शहरातूनही दिसतो, फक्त आग्नेयेकडे इमारत नको.